मधोमध चालणारा जपानी

जागतिक सिनेमाच्या इतिहासात पाथर्डीचं नाव आता सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाणार, असं मी त्या दुपारी जाहीर केलं. त्यावर शेजारचे गोरक्षनाथ सर म्हणाले, "हळू बोल. तुझ्या श्वासानं जपानी उडतोय."

हा जपानी म्हणजे कागदातून कापलेला माणूस. खरा जपानी त्याच्या देशात चित्रं हलवून सिनेमा काढणाऱ्या पहिल्या काही माणसांतला एक. फळ्यावर खडूनं चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसून पुन्हा काढायचं. पुढं कागदाखाली दिवा लावून काम करता करता त्याचे डोळे अधू झाले आणि त्यानं ते काम सोडलं. त्याचा एकही सिनेमा आज उरलेला नाही.

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्याच्याबद्दल वाचून त्यांनी कात्री उचलली, कारण त्यांच्या पत्नीला, भागीरथीवहिनींना, काचबिंदू होता. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसायचं, आणि तेही आकसत चाललं होतं. ते संपायच्या आत वहिनींना या माणसावर सिनेमा काढून दाखवायचा, एवढाच सरांचा हट्ट.

कागद म्हणजे घरात साठलेल्या लग्नपत्रिका. पत्रिकेवरच्या गणपतीला वहिनी कात्री लावू देत नसत. त्यामुळे जपान्याच्या किमोनोवर पाठीमागं आलं ते हे : 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'

सर कागद जरासा सरकवायचे, मी फोटो घ्यायचो. असा जमवलेला सिनेमा पहिल्यांदा भिंतीवर लावला, तेव्हा जपानी डावीकडून निघाला आणि उजवीकडे पोचला.

"भावजी, आला का वो त्यो?" वहिनींनी विचारलं.

"गेला पण, वहिनी," मी म्हणालो.

सर रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं नव्यानं मांडलं. जपान्याला मधोमध ठेवून त्याचे नुसते पाय हलवले. फळा, गल्ली, दिवा मागून केसाकेसानं सरकवत नेले.

उन्हाळा लागल्यावर खिडकीला गोधडी टांगून पुन्हा सिनेमा लावला. जपानी मधोमध चालत राहिला. त्याच्या मागून फळा गेला, गल्ली गेली. शेवटी दिवाही विझला, तरी तो चालतच होता. सिनेमा संपला. सर वहिनींकडे वळले.

"अगं... दिसलं का?"

"व्हय की. लई चालवलाय तुमी त्याला."

सरांनी खिडकीवरची गोधडी काढली.

"आवो, येक करा," वहिनी म्हणाल्या, "पायात कायतरी घाला त्याच्या. भाईर केवढं ऊन हाय."