देविकाची सात नंबरची स्टिक

मी एक जुनी, दांडा कापलेली गोल्फ स्टिक आहे. माझ्या लोखंडी डोक्यावर सात हा आकडा कोरलेला आहे. मित्रांनो, दोन इंच कापली गेले याचं मला दुःख नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

मला विकत घेतलं गिरीधर पारसनीसने. पेरुंगुडीच्या ऑफिसातले साहेब गोल्फ खेळतात म्हणून यानेही चार रविवार मला मिरवलं आणि मग बाल्कनीत टाकून दिलं. चेन्नईच्या खाऱ्या हवेत मी दोन वर्षं गंजले. शेवटी मला उचललं ते त्याच्या बायकोने, देविकाने. ती इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासायची. वय अडतीस. मी तिला लांब पडत होते, म्हणून तिने कारखान्यात नेऊन मला मोजून कापलं आणि नवी मूठ चढवली.

मैदानावरचे शिक्षक नारायणस्वामी तिला म्हणाले, "मॅडम, वयसाच्चु, वय झालं. आता या वयात काय शिकणार? मुलीला पाठवा."

"मुलीला आवडत नाही, सर. मला आवडतं. शंभर चेंडू मारते, मग सांगा."

साठाव्या चेंडूला सरांनी खुर्ची जवळ ओढली.

पुढे चार वर्षं पहाटे मैदान आणि आठला कारखान्याची बस. घट्टे पडले तिच्या हाताला, आणि कौतुक कुणाचं? गिरीधरचं! बायकोला केवढी मोकळीक दिली म्हणे. तोही "स्टिक माझीच आहे" असं सांगत फिरायचा. आयत्या बिळावर नागोबा!

मग व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळवायची स्पर्धा आली. त्यासाठी देविकाने नोकरी सोडली होती. पहिल्या झेंड्यापर्यंतचं अंतर कमी होतं, म्हणून तिने मला हातात घेतलं. प्रत्येकीचं नाव पुकारलं जात होतं. हिची पाळी आली तेव्हा पुकारणारे गृहस्थ म्हणाले, "मिसेस गिरीधर पारसनीस."

देविका जागची हलली नाही. "सर, माझं नाव देविका आहे. अर्जावर तेच आहे. ते घ्या, मग मारते."

"मॅडम, उशीर झाला तर दंड बसेल."

"बसू द्या."

त्यांनी चष्मा शोधला, कागद शोधला आणि मग नाव घेतलं. तिने मारलेला चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. पण उशिराबद्दल तिच्या खात्यात एक फटका वाढवला गेला, आणि संध्याकाळी कार्ड हुकलं ते नेमकं एका फटक्याने. नाव चुकवलं त्यांनी आणि दंड भरला हिने! मला तोंड असतं तर त्या दिवशी मी कुणाचीही भीड ठेवली नसती.

"अगं, एवढं काय अडलं होतं नावावाचून?" गाडीत गिरीधरने विचारलं.

"माझंच अडलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे."

पुढच्या वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने कार्ड मिळवलं. गिरीधरने लगेच मला दिवाणखान्यात टांगलं आणि खाली पितळी पट्टी लावली, 'गिरीधर पारसनीस यांची स्टिक'. पाहुणे पेढा खात माना डोलवत होते. देविका स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढलं.

"अगं, राहू दे ना, शोभेला आहे."

"मला ती उद्या खेळायला लागणार आहे."

मित्रांनो, लोखंडाची निगा सोपी असते. पुसावं, तेलाचं बोट फिरवावं, झालं. पण ज्याने घाम गाळला त्याच्या कामावर दुसऱ्याचं नाव लावू नका, आणि कुणी लावलं तर पेढा खात गप्प बसू नका. त्या पाहुण्यांपैकी एकजणसुद्धा बोलला नाही, हे मी अजून विसरलेले नाही.