कोपऱ्यातल्या बाईची तसबीर

मी बोलतेय, या दालनातली तसबीर. दचकू नका. माझ्यापुढे उभं राहून लोक एवढं बोलतात, की एकदा मी तोंड उघडलं तर काही बिघडत नाही.

माझा जन्म तांब्याच्या पत्र्यावर झाला. कारागिराने अणकुचीदार हत्याराने रेघ न् रेघ कोरली. तुफान, खडकाजवळ बुडायला आलेली होडी, मधोमध हात उंचावलेला दाढीवाला. कोरता कोरता त्याला शिंक आली नि हत्यार घसरलं. आभाळात हा एवढा ओरखडा! तांब्यावरचं खोडता येत नाही. त्याने मुकाट्याने तो ओरखडा शिडाचा दोर करून टाकला. मग पत्र्यात शाई भरली, वर ओला कागद ठेवला आणि छापायच्या यंत्रात घातला. यंत्राचा दांडा ओढायला त्याची बायको. तिचेच पिळदार दंड त्याने माझ्या कोपऱ्यात कोरलेत. सुकाणू धरलेली बाई, ती हीच.

वर्षं गेली. फिरत फिरत मी या दालनात आले आणि इथला कारभार बघणारे चष्मेवाले साहेब माझ्या नशिबी आले.

"हा दोर म्हणजे नियती," ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे माना डोलवत. शिंकेला एवढा मान कुणी दिला नसेल! "आणि हा मधला तारणहार. सगळ्या रेषा त्याच्याकडे धावतात."

धावतीलच. तो ओरडतोच तेवढा.

पुढे माझी चौकट वाळवीने खाल्ली. साहेबांनी नवी करायला सांगितली, ती चार बोटं आखूड निघाली.

"हा कोपरा कापून टाका," साहेब फ्रेमवाल्याला म्हणाले. "तिथे काही नाही. उलट तारणहार उठून दिसेल."

फ्रेमवाल्याने पट्टी टेकवली, सुरी काढली. माझी कड आपोआप वळायला लागली. कागदाला भीती नसते म्हणता? सुरीखाली येऊन बघा.

"थांबा हो!" दालन झाडणाऱ्या मावशी केरसुणीसकट धावत आल्या. "तिला कापलंत तर होडी कोण हाकणार?"

"मावशी, होडी तो वाचवतोय."

"तो? तो नुसता हात वर करून उभाय! आमच्या घरीही आहे एक असा. नळ फुटला की मधोमध उभा राहून बोंबलतो. फडकं मी बांधते. हिचे दंड बघा, पाय कसे रोवलेत बघा. आणि होडीचं तोंड कुणी वळवलंय, तेही बघा जरा!"

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. होडी खडकापासून वळलेली होती. बाईने सुकाणू रेटलेलं, म्हणूनच.

"चौकट मोठी करून आणा," ते पुटपुटले. फ्रेमवाल्याने हसू दाबत सुरी मिटली.

आता साहेब रुबाबात सांगतात, "खरी नायिका कोपऱ्यात आहे, हे मी शोधून काढलं." मागे मावशी खाकरतात. "म्हणजे, आम्ही," साहेब सुधारतात.

माझा कागद पिवळा पडलाय, पण अंगाने मी पुरी आहे. तुम्ही आलात तर मधल्याचं ओरडणं जरा बाजूला ठेवा. कोपऱ्यात कोण राबतंय ते आधी बघा. मावशीही माझी काच तिथूनच पुसायला घेतात.

आणि तो दोर? शिंकेचं मी साहेबांना सांगायची नाही. तेवढी एक नियती त्यांना राहू द्या.