न कळवलेलं दुखणं

"वडील कशानं गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

"मूतखड्यानं, सायेब." सुग्रीव खुर्चीत ताठ झाला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी साहेब दिसला की पाठ आपोआप सरळ व्हायची.

"घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर?"

"न्हाई, सायेब."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, विमलबाईनं, पदर तोंडाशी धरला.

बीडच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातले हे डॉक्टर सबुरीचे होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या खाली सुपारीपेक्षा थोडी मोठी ग्रंथी असते, तीच प्रोस्टेट. ती प्रत्येक पुरुषाला असते, आणि उतारवयात कधी कधी नुसतीच वाढते. "तुमच्या रक्ततपासणीत या ग्रंथीचा आकडा वाढलाय. एवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. सोमवारी सुईनं तुकडा काढून तपासू. वडिलांना किंवा भावाला असला, तर धोका वाढतो. म्हणून विचारलं."

सुग्रीवच्या कानात कॅन्सर हा एकच शब्द राहिला. तो घेऊनच तो दवाखान्याची पायरी उतरला.

बसस्थानकात त्यांच्या गावाची, वडवणीची गाडी लागली होती. तो चढेना.

"अहो, चला की. जागा जाईल."

"दारू न्हाई, तंबाखू न्हाई. मग मलाच कावून व्हावं गं?"

विमलबाई खाली बघत म्हणाली, "मामंजीला मूतखडा नव्हता."

"मग?"

"हेच व्हतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरानं सांगितलं, हाडात उतरलंय. कूस बदलताना लेकरावानी रडायचे. समदं म्याच धुवायची."

"अन् मला कुणी कळवलं न्हाई?"

"तुमी कश्मीरात. मामंजीनं देवाची आण घातली. म्हणले, त्याला कळलं तर बंदूक टाकून पळत येईल."

"अन् मघा डॉक्टरसमोर?"

"सासऱ्याचं असलं दुखणं परक्या पुरुषापुढं… जीभच उचलली न्हाई बघा."

राग त्याच्या ओठापर्यंत आला आणि तिथंच थांबला. बापाचं ते रडणं त्यानं ऐकलं नव्हतं. ते या बाईनं एकटीनं ऐकलं होतं. तीच मागं वळली आणि त्याला घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली.

डॉक्टरांसमोर तिनं भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. सासऱ्याच्या लघवीतल्या रक्तासकट.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "मुलगा आहे?"

"फौजेत हाय. अरुणाचलला. पस्तिशीचा," सुग्रीव म्हणाला.

"चाळिशीनंतर त्यालाही तपासून घ्यायला सांगा."

संध्याकाळी घरी फोन वाजला. मुलाचा, रविराजचाच होता. विमलबाईनं हात जोडले. "इतक्यात नका सांगू. तिकडं एकटं हाय लेकरू. सोमवार तर होऊ द्या."

सुग्रीव फोन घेऊन रेंजसाठी गल्लीत गेला. ती मागोमाग आली.

"आबा, जेवलात का?"

"रविराज, ऐक. मला क्यान्सर हाय का, ते सोमवारी तपासायलेत. तुज्या आज्याला व्हता. तुलाबी पुढं तपासावं लागंल, म्हणून सांगायलोय."

पलीकडून वाऱ्यातून मुलाचा आवाज आला.

"आबा, भ्या वाटतंय का?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ना घरात, ना पलटणीत.

"लई," तो म्हणाला.

समोरच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. तरी विमलबाई पुढं झाली, तिनं नवऱ्याचा हात धरला, आणि तो तसाच धरून उभी राहिली.