फक्त सर्दी मागितली होती

"श्वास आत ओढ आणि धरून ठेव," निल्दा म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे शब्द चपटे होऊन बाहेर येत होते. "हेस्टरचे खांदे म्हणजे चिमणीचे. आणि तुझे बघ. देवानं काय मनात धरून दिलेत कोण जाणे."

"ओझी उचलायला," लुएला म्हणाली.

"मग उचल आज. आणि हलू नकोस, टोचेल."

लुएला मॅबरी हलली नाही. हेस्टर कॉबच्या खोलीत, हेस्टरच्या आरशासमोर, हेस्टरचा निळा झगा अंगात चढवून ती उभी होती. निल्दा मुख्य नटीला कपडे चढवणारी बाई. तिने दोनदा खुर्ची पुढे सरकवली, पण लुएला तिच्यावर टेकली नाही. खुर्चीच्या पाठीवर हेस्टरची करडी शाल होती आणि टेबलावर तिने अर्धी चघळून कागदात ठेवलेली खोकल्याची गोळी.

दारावर टकटक झाली. रंगमंच सांभाळणारा साल कॅरूबा आत न येता बाहेरूनच म्हणाला, "मिस मॅबरी, अर्धा तास."

लुएलाने आरशातून निल्दाकडे पाहिलं. साल आणि ती इतकी जुनी माणसं, की तो तिला 'लू'शिवाय कधी हाक मारत नसे. 'मिस' लावायचं ते मुख्य नटीला. तशी पद्धतच आहे ब्रॉडवेवर.

"थँक यू, अर्धा तास," ती म्हणाली. हे उत्तरही पद्धतीचंच. आवाज मात्र तिचा तिला ओळखू आला नाही.

लुएलाचं सगळं आयुष्य बदली नटी म्हणून गेलं होतं. तरुणपणी नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत उभी राहिली, मग मोलकरणी झाली, शेजारणी झाली, दोन वाक्यांची नर्स झाली. पण नाव झालं ते या कामात. मुख्य नटीची भूमिका अक्षर न् अक्षर पाठ करायची, रोज थिएटरात यायचं, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसायचं आणि खेळ संपत आला की घरी जायचं. खोलीत बसून ती बाळांची टोपडी विणायची. हार्लेममधल्या तिच्या चर्चमध्ये असं एक मूल नव्हतं, ज्याने लुएलाचं टोपडं घातलं नाही.

आणि गंमत अशी, की ती जिची बदली असे, ती नटी कधी आजारी पडत नसे. एकदा झालं, दोनदा झालं, मग नाटकवाल्यांच्यात बोलवा झाली. ही माणसं किती वहमी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. विंगेत कोणी शीळ घातली तरी यांचे चेहरे उतरतात. नट्या करार करताना सांगू लागल्या, बदलीला लुएला मॅबरी द्या. गळ्यात ताईत बांधावा तशी त्यांनी लुएला बांधून घेतली. हेस्टरने तर चार नाटकांत तिला मागून घेतलं. "तू वर बसलेली असलीस ना, की मला शिंकसुद्धा येत नाही," हेस्टर म्हणायची. लुएला हसायची. इतकी वर्षं या ना त्या नटीची बदली राहिली, पण एकदाही मुख्य भूमिकेत रंगमंचावर उभी राहिली नाही.

हसत होती ती त्या रविवारपर्यंत.

तिच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड टॉलिव्हर जुन्या वळणाचे. त्यांचं प्रवचन आधी नुसतं बोलणं असतं, साधं, घरगुती, आपल्या कीर्तनातल्या पूर्वरंगासारखं. मग कुठेतरी आवाज सुराला टेकतो, ऑर्गनवाला तो सूर हळूच उचलतो, आणि उत्तररंगाला प्रवचनच गाऊ लागतं. बाकांवरून लोक साथ देतात, "सांगा, सांगा," "हो बाबा, हो." माणूस तिथे नुसता ऐकत नाही, वाहत जातो. त्या रविवारी पाद्रीबाबांनी तळ्याकाठच्या आजाऱ्याची गोष्ट लावली होती. तळ्याचं पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होणार. हा बिचारा वर्षानुवर्षं काठावर पडून, आणि दरवेळी दुसराच कोणीतरी त्याच्या आधी उतरतो.

"पाणी हललं," पाद्रीबाबा गात होते, "आणि दुसराच उतरला..."

"उतरला," लोक म्हणाले.

"पुन्हा हललं..."

 हातातला रुमाल लुएलाने घट्ट आवळला आणि मनात म्हणाली, देवा, एकदा. या नाटकानंतर मी घरी बसणार. हेस्टरला एक सर्दी होऊ दे. साधी सर्दी, एका बुधवारपुरती, दुपारच्या खेळापुरती. गुरुवारी तिला ठणठणीत कर. दुसरं काही मागत नाही.

बुधवारी सकाळी सालचा फोन आला. "लू, हेस्टर बाथरूममध्ये साबणावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलंय. दुपारी तू उभी राहतेस."

फोन ठेवल्यावर लुएला स्वयंपाकघरातच उभी राहिली. गॅसवर दलिया करपून गेला, तरी तिला वास आला नाही. मी सर्दी मागितली होती, ती भिंतीला म्हणाली. सर्दी.

"बाहेर पडताना डावा हात जरा सांभाळ," निल्दाने शेवटची टाचणी लावली. "शिवण कच्ची आहे. आणि हे काय? रडतेस? रंग ओघळेल ना, बाई."

"निल्दा, तुला एक सांगू?"

"खेळानंतर. आत्ता काही सांगू नकोस. मी ऐकलं तर मीही रडेन आणि मग तुझी पाठ कोण शिवणार?"

प्रेक्षागृहात प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत कागदाचा एक कपटा घातलेला होता. आजच्या खेळात मिसेस ऑल्डनची भूमिका लुएला मॅबरी करतील. पडद्यामागून तिला तो आवाज ऐकू आला. लोक पत्रिका उघडतात, कपटा मांडीवर पडतो, वाचतात, आणि रांगेरांगेतून एक सुस्कारा येतो. हेस्टरला बघायला दूरदूरच्या गावांहून आलेल्या म्हाताऱ्या होत्या त्या. लुएलाला त्यांचा राग आला नाही. तिला वाटलं, बरोबर आहे. एवढी शिक्षा तर हवीच.

पण पडदा वर गेला आणि शिक्षा काही झाली नाही.

मिसेस ऑल्डन ही खाणावळ चालवणारी विधवा. परागंदा झालेला तिचा मुलगा दुसऱ्या अंकात परत येतो, आणि ती त्याला एक शब्द बोलत नाही, टेबलाशी बसून सफरचंद सोलत राहते. मुलगा बोलतो, रडतो, शपथा घेतो. ती सोलते. लुएलाने सुरी लावली आणि सफरचंदाची साल निघू लागली, पातळ, लांब, एकसलग, टेबलावरून खाली, मांडीवर. प्रेक्षागृहात कोणी खोकलं नाही. मघाशी सुस्कारे टाकणाऱ्या बायकांची नजर त्या सालीला टांगलेली तिला जाणवत होती. साल न तुटता जमिनीला टेकली तेव्हा तिने प्रथमच मान वर केली आणि म्हणाली, "भूक लागली असेल."

शेवटी सगळे नट मुजऱ्याला आले. बदली नटी उभी राहिली की बाकीचे दोन पावलं मागे सरतात आणि तिला एकटीला पुढे सोडतात, तसे सरले. लोक उठून उभे होते. लुएला वाकली आणि सरळ झाली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पडदा वर गेल्यापासून तिला हेस्टरची एकदाही आठवण झाली नव्हती. एकदाही नाही. ती सुखात होती. हाड मोडल्याचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. विंगेत निल्दा ती करडी शाल हातात धरून उभी होती आणि डोळे पुसत होती, आणि लुएलाला टाळ्या नकोशा झाल्या.

शस्त्रक्रिया झाल्यावर, शुक्रवारी सकाळी, ती इस्पितळात गेली. हेस्टर उशांना टेकून बसली होती. रंग न लावलेला तिचा चेहरा एवढासा दिसत होता.

"ये गं. बस. का इथेही खुर्चीवर बसणार नाहीस? निल्दानं सांगितलं मला. खुर्ची काय चावते?"

लुएला बसली.

"जन्मभर लोक मला 'पाय मोड, पाय मोड' म्हणाले," हेस्टर म्हणाली. नाटकवाले खेळाआधी शुभेच्छा अशा उलट्याच देतात, सरळ दिल्या तर म्हणे दृष्ट लागते. "शेवटी म्हटलं, घ्या, मोडला. तू तेवढी कधी तसं म्हणाली नाहीस."

"अशुभ तोंडातून का काढा म्हणून नाही म्हणाले." लुएलाने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "हेस्टर, मी त्याहून वाईट म्हणाले. देवाजवळ."

तिने सगळं सांगितलं. तळं, पाणी, बुधवार.

"नेमकं काय मागितलंस?"

"सर्दी. फक्त सर्दी."

हेस्टरला हसू फुटलं. हसता हसता कमरेत कळ आली, तिने पलंगाचा गज धरला, आणि कळ गेली तशी हसूही गेलं.

"आणि तुला वाटतं, देवानं ऐकलं."

"तो ऐकतो असंच जन्मभर मानत आले. आता सोयीपुरतं कसं नाकारू?"

हेस्टरने खिडकीकडे मान वळवली. "मला साबण पुरे होता, लू," ती म्हणाली. "साबणावर राग काढत मी मजेत पडून राहिले असते. हे मला का सांगितलंस? तुला हलकं वाटावं म्हणून?"

तेच खरं होतं, आणि लुएलाला हलकं काही वाटलं नव्हतं.

"जा आता. उद्या येऊ नकोस."

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला. "सफरचंद कसं सोललंस?"

"एका सालीत."

"हं," हेस्टर म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "माझी तुटायची."

पुढच्या रविवारी लुएला चर्चमध्ये दाराजवळच्या बाकावर बसली. पाद्रीबाबांचा सूर लागला, ऑर्गन उठला, सगळे "सांगा, सांगा" म्हणू लागले. तिचे ओठ उघडले नाहीत. मागायची तर तिला भीतीच बसली होती.

थोडे दिवस तिने मिसेस ऑल्डन केली. मग निर्मात्यांनी सिनेमातली एक मोठ्या नावाची बाई आणली. सालने लुएलाला थिएटरच्या मागच्या दाराशी गाठून कॉफीचा कागदी पेला हातात दिला.

"तिनं दुसरी बदली मागितलीय," तो बुटांकडे बघत म्हणाला. "तुझ्याविरुद्ध काही नाही, लू. पण तू बदलीला असताना हेस्टर पडली. तुला माहितीय आपली माणसं कशी असतात."

"माहितीय," ती म्हणाली. "साखर जास्त घातलीस, साल."

"घातली खरी."

तिने चौथ्या मजल्यावर जाऊन लोकरीचे गुंडे आणि अर्धं राहिलेलं टोपडं पिशवीत भरलं. जिन्यात निल्दा भेटली. "इस्पितळातून निरोप आहे," ती म्हणाली. "हेस्टर विचारते, ती बाई मेली का जिवंत आहे? उद्या नको म्हटलं होतं, कायमचं नको असं कोण म्हणालं?"

लुएला गेली तेव्हा हेस्टरला बोळातून चालवायचं चाललं होतं. चार पायांचा वॉकर पुढे टेकायचा, मग पाऊल. चालायला शिकवणारी तरुण मुलगी म्हणाली, "मागे कोणीतरी उभं राहायला हवं. हात लावायचा नाही, तोल गेला तरच धरायचं. जमेल तुम्हाला?"

"तिला दुसरं काही येतच नाही," हेस्टर पुढून म्हणाली.

लुएलाने पिशवी भिंतीशी ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिली. हेस्टरने वॉकर टेकला, पाऊल टाकलं, थांबली.

"आहेस ना मागे?"

"आहे."

"काही मागत तर नाहीस ना?"

"नाही."

"बरं," हेस्टर म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं. इस्पितळाच्या झग्याचा बंद तिच्या पाठीवर सुटून लोंबत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना, कापडाला न लावता, लुएलाचे दोन उघडे हात तिच्याबरोबर हळूहळू पुढे सरकत होते.