खैरुनबीचा अंगठा आणि माझी कडी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागद-बिगद कापणारी नाही हं! मी शिंपीकामाची कात्री, लोखंडाची, चांगली वजनदार. खैरुनबी लग्न होऊन दारव्ह्याला आली तेव्हा तिने मला पहिल्यांदा उचललं. माझ्या कडीला मऊ चिंधी गुंडाळली, आपला अंगठा आत घातला आणि म्हणाली, "आता तू माही." तेव्हापासून मी तिचीच.

काय दिवस होते ते! कापसाच्या हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसे. खैरुनबी कापडाचे थर लावून मला चालवी आणि बायका म्हणत, "कापावं तं खैरुनबीनंच!" सून रुबीना मशीन चालवायची, पण कापायचं काम खैरुनबीने तिला कधी दिलं नाही. आणखी एक नेम होता. मला हातातून हातात द्यायचं नाही. "खाली ठेव. हातोहात कात्री देली का भांडण होते," असं ती दटावायची. आधी मला टेबलावर ठेवायचं, मगच दुसऱ्याने उचलायचं. खरं सांगते, मला त्या मानाची सवय झाली होती.

मग तिचा अंगठा दुखू लागला. आधी डब्याचं झाकण उघडेना, मग कुलपात किल्ली फिरेना. कापता कापता ती थांबे, अंगठ्याचं बूड दाबून धरी, आणि डोळ्यांत पाणी! तो अंगठा माझ्याच कडीत अडकलेला असे, मित्रांनो. मला बोलता आलं असतं तर ओरडले असते, "अगं, ठेव मला खाली!"

शेवटी तिला यवतमाळला नेलं. पुढचं मला रुबीनाच्या बोलण्यातून कळलं. संधिवाताने अंगठ्याच्या बुडाचा सांधा पार झिजला होता. गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं, तेव्हा ऑपरेशन ठरलं. तिथलं एक लहानसं हाड काढून टाकायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुखणं बहुतेक जाईल. पण ताकद हळूहळू येईल. कित्येक महिने लागतील, आणि पहिल्यासारखी येईलच असं मी सांगत नाही." खैरुनबीने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं.

प्लास्टर निघालं, हाताला पट्टा आला, आणि काय सांगू, दुखणं खरंच गेलं! "रुबीना, दुखूनच नाही राह्यलं वं!" म्हणत ती घरभर हात दाखवत फिरली.

तेवढ्यात जुन्या गिऱ्हाईक बेबीताई आल्या. लेकीच्या, निकिताच्या, लग्नाचा ब्लाउज शिवायचा होता. साडीतूनच निघालेलं कापड, तसं दुसरं मिळणार नव्हतं. "माह्या लग्नाचा तुमीच कापलता," त्या म्हणाल्या. झालं! खैरुनबी फुलून गेली.

"अम्मी, डॉक्टरनं अजून नाही म्हटलं," रुबीना कळवळून म्हणाली.

"दुखत नाही तं कायले थांबू?" असं म्हणून तिने पट्टा सोडला आणि मला उचललं.

सुरुवात नीट झाली. मग जरीचा काठ आला आणि अंगठ्यातलं बळच सरलं. मी घसरले. पुढच्या भागातून वाकडीतिकडी आरपार गेले.

"बाई गं! आता पोरीले काय सांगू?" बेबीताई ओरडल्या.

खैरुनबी अंगठ्याकडे बघतच राहिली. "यापरीस दुखत होता तेच बरं होतं. दुखे, पण कापे तं! हातच गेला माहा. आता मी कायची खैरुनबी?" तिने मला पत्र्याच्या पेटीत टाकून झाकण लावलं. आत मला तिचं रडणं ऐकू येत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बेबीताई पुन्हा दारात. लग्न तोंडावर आलेलं. वाकडी चीर झाकायला काठाचा जोड द्यावा लागणार होता, पण तो कापणार कोण? पेटी उघडली. खैरुनबीने कापडावर खडूने रेघ ओढली. मग मला दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि टेबलावर न ठेवता सरळ रुबीनापुढे धरलं.

रुबीना मागे सरली. "अम्मी, हातोहात? भांडण होईल ना!"

"होऊ दे. रोज भांडू. पण तू काप."

रुबीनाने कापलं. ब्लाउज वेळेवर गेला. खैरुनबी आता पट्टा बांधून शेजारी बसते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कणकेचा गोळा मुठीत दाबते. संध्याकाळी दुकान बंद करताना पट्टा सैल करून अंगठा माझ्या कडीत नुसता घालून बघते. उचलत नाही. ताकद परत येईल का? मला माहीत नाही, आणि फार भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात राबणारा एखादा हात दुखत असेल तर त्याच्याकडे वेळीच बघा. आणि दुखायचं थांबलं म्हणजे हात बरा झाला, असं समजू नका. त्याला सवड द्या.

रुबीनाचा अंगठा बारीक आहे, माझ्या कडीत तो ढिला पडतो. काल तिने भीतभीत विचारलं, "अम्मी, आणखी थोडी चिंधी गुंडाळू काय?"

"खबरदार हात लावशील तं!" खैरुनबी कडाडली. "राहू दे कडी माह्या मापाची."

झालं त्यांचं पहिलं भांडण.