गवराबाईंची गाठ आणि लॅबमधला कुकर

चाकणच्या चौकात ट्रक अडकला की ड्रायव्हरचं तिथंच लग्न लागतं आणि पोरं शाळेत जायला लागतात, असं लोक सांगतात. साफ खोटं. पोरं अजून बालवाडीतच असतात. तो चौक पार करून बन्सी आईचा रिपोर्ट न्यायला चिंचवडच्या लॅबमध्ये पोचला, तेव्हा डॉक्टर निशिगंधाची मान सूक्ष्मदर्शकावरून हलत नव्हती.

काचपट्टीवर कुरुळीच्या गवराबाईंच्या, म्हणजे बन्सीच्या आईच्या, स्तनातल्या गाठीचा तुकडा होता. पेशींत हार्मोनची खूण सापडली, तर रोजच्या गोळीवर भागणार होतं. नाहीतर केमो, आणि म्हातारीचं हृदय ते सोसणारं नव्हतं. खूण शोधायला अँटीबॉडी सोडतात. ती गोचिडीसारखी खुणेला चिकटते, मग तिथं तपकिरी रंग चढतो. हे सगळं नवं मशीन आपसूक करायचं. निशिगंधाला त्याचं एवढं कौतुक, की पाहुण्यांना चहाआधी मशीन दाखवायची.

मशीननं गाठ कोरी दाखवली होती.

पण गाठीशेजारी गवराबाईंच्या निरोगी दूधनळ्याही होत्या. त्यांच्यात खूण असायलाच हवी. त्याही कोऱ्याच, म्हणजे तपासणीच फसली होती.

"बन्सीभाऊ, ऑपरेशननंतर गाठीची बाटली लगेच आणली होती ना?"

"व्हय की. यात्रा उरकल्यावर लगेच."

"कसली यात्रा?"

"भैरोबाची. पालखी देवळात परत येईस्तोवर आमच्या घरचं कुणी गावाची शीव वलांडत न्हाई, म्याडम. मान आमचा हाय. बाटली देवघरात व्हती. आई रोज हळदकुंकू लावायची."

"बाटलीला?"

"झाकणाला. आत न्हाई."

निशिगंधाला हसू आलं, पण घोटाळा कुठं झाला तेही कळलं. बाटलीतल्या फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात, फार दिवस मुरलं की मांस आवळतं, खुणा कुलूपबंद होतात. मशीनच्या बेताच्या उकळीनं ते कुलूप निघालं नव्हतं.

तिनं माळ्यावरून जुना कुकर काढला. मशीन येण्याआधी ती त्यातच काचपट्ट्या उकळून हातानं रंगवायची. लॅबमध्ये झाडलोट करणाऱ्या सुमनताईंनी तो चवळी शिजवायला मागितला होता. दिला नव्हता, हे नशीब. गवराबाईंच्या नव्या पट्टीसोबत तिनं दोन ओळखीच्या पट्ट्या घातल्या, एक खूण असलेली, एक नसलेली, म्हणजे कुकरनं लबाडी केलीच तर कळावी.

"किती शिट्ट्या?" बन्सीनं विचारलं.

"शिट्टी होऊ द्यायची नाही."

"मग डाळ कच्ची राहंल."

रंग चढवून तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खूण असलेली ओळखीची पट्टी रंगली होती, नसलेली कोरीच राहिली होती. गवराबाईंच्या दूधनळ्याही तपकिरी झाल्या होत्या. तिनं पट्टी गाठीवर सरकवली. भाजलेली मोहरी सांडावी तसे ठिपके सगळीकडे.

"गोळीवर भागेल," ती म्हणाली.

बन्सी खुर्ची न बघताच बसला. खुर्ची तिथं होती म्हणून बरं. "म्हंजी माझ्यापायी आईला केमो लागलं असतं. शीव वलांडायला पायजे व्हती म्या."

तिनं त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्यानं एक डोळा मिटून आत बघितलं.

"ह्यो रंग हळदकुंकवाचा तर न्हाई ना?"

"नाही." मग निशिगंधा म्हणाली, "पण गोळी एकही दिवस चुकवणार नसतील, तर आईंना तसं सांगितलंत तरी मी काही खोडून काढायला येणार नाही."