एका मेणबत्तीपुरतं टेबल

आईच्या शिलाई मशीनवरून दोघी बहिणींचं बिनसलं होतं. एकाच घरात राहूनही कित्येक दिवस अबोला होता आणि ताईला तो आता सोसवत नव्हता. त्या संध्याकाळी वीज गेली. घरात मेणबत्ती एकच निघाली, म्हणून ताई शिवण घेऊन आणि धाकटी पेपर तपासायला एकाच टेबलाशी बसल्या. धाकटीनं मेणबत्ती हळूच आपल्याकडे ओढली. लहानपणी अभ्यासाला बसल्यावर ती अशीच ओढायची. ताईला हसू आवरेना.

“चोरटी कुठली! अजून खोड गेली नाही तुझी.”

“मग तू उजेड अडवतेस ते? डोकं बघ केवढं!” धाकटीही खुदकन हसली.

तेवढ्यात वीज आली. झगझगीत उजेडात दोघी गप्प झाल्या. आता ही आपल्या खोलीत जाणार, असं ताईला वाटलं. धाकटी उठली खरी, पण दिव्याचं बटण बंद करून परत आली.